बाहेरचे अलॉय घेण्याआधी: स्पोर्ट्‌स कारची मापं कशी काढायची, चाक कसं निवडायचं

पीसीडी, म्हणजे चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचं माप, जुळला म्हणजे चाक बसलं, ही समजूत महागात पडते. नट आवळले जातात, गाडी फोटोत झकास दिसते, आणि चौघं बसून विजापूर रोडवरचा पहिला स्पीडब्रेकर ओलांडला की मागून ‘खर्र’ ऐकू येतं. मग फेंडरची (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीची) कडा ठोकून वाकवणं, स्पेसर (चाकामागची चकती) काढणं-घालणं, आणि शेवटी नवेकोरे, कंपनीबाहेरचे अलॉय (मिश्रधातूची चाकं) पडत्या भावात विकणं.

सोलापुरात अडचण आणखी एक. अठरा-एकोणीस इंची, पाच बोल्टचे चांगले अलॉय इथल्या दुकानांत फारसे टांगलेले नसतात. ते पुण्याहून, मुंबईहून नाहीतर ऑनलाइन मागवावे लागतात. पुणं अडीचशे किलोमीटरवर, आणि एकदा टायर चढवलेलं चाक सहसा कोणी परत घेत नाही. म्हणून खरं काम ऑर्डर देण्याआधी, गाडीशेजारी उकिडवं बसून करायचं आहे. क्रम असा: हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेक, ऑफसेट, टायर, दर्जा, आणि सगळ्यात शेवटी डिझाइन. बहुतेक जण नेमके दुसऱ्या टोकाकडून निघतात.

तयारी

रविवारची सकाळ काढा. मे महिना असेल तर सातलाच सुरू करा. अकरानंतर फरशीवर हात टेकवत नाही आणि टायरमधली हवाही तापून चुकीची दिसते. जागा सपाट हवी. सामान: जॅक, जॅक स्टँड, स्टीलची मिमी पट्टी, व्हर्नियर, गवंड्याकडचा ओळंबा, जाड पुठ्ठा, मुलांची रंगीत क्ले, टॉर्क पाना आणि वही. ओळंबा का, ते तिसऱ्या टप्प्यात कळेल.

गाडी सेकंड-हँड असेल तर आता अंगावर असलेली चाकं कंपनीचीच आहेत का, हे आधी पाहा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाआड असलेल्या स्टिकरवरचं टायरचं माप आणि प्रत्यक्षातलं माप पडताळा. सस्पेन्शन आधीच्या मालकाने खाली बसवलंय का, तेही विचारा. खाली बसवलेल्या गाडीला कंपनीच्या उंचीचे हिशोब लागू होत नाहीत.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना दगड नव्हे, नीट ठोकळा लावा.

टप्पा १: हबचे आकडे

एक चाक उतरवा आणि उलटं करून पुसा. आतल्या बाजूला ‘७.५ जे × १७’ आणि ‘ईटी ४५’ अशी अक्षरं ओतलेली असतात. पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास, आणि ईटी म्हणजे ऑफसेट. तिन्ही वहीत उतरवा. मग हबकडे वळा.

पीसीडी म्हणजे बोल्टच्या मध्यांवरून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. पाच बोल्टच्या हबवर समोरासमोर बोल्ट नसतात, त्यामुळे टेप आडवी लावून मोजलेला आकडा चुकतो. शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर घ्या आणि १.७०१ने गुणा. ५ × ११२ असेल तर हे अंतर ६५.८ मिमी येतं, ५ × ११४.३ असेल तर ६७.२. फरक जेमतेम १.४ मिमी! टेपने तो कळत नाही, आणि तिथेच घोळ होतो: ११४.३चं चाक ११२च्या हबवर हाताने ढकललं की ‘बसतं’, बोल्ट तिरके आवळले जातात आणि हळूहळू ढिले होतात. फियाटच्या पुंटोवर ४ × ९८ऐवजी ४ × १००ची चाकं अशीच रेटून बसवलेली दिसतात. मोजा जरूर, पण अंतिम आकडा गाडीच्या तांत्रिक माहितीवरून पक्का करा.

सेंटर बोर म्हणजे चाकाच्या मधल्या भोकाचा व्यास. गाडीच्या हबचा मधला उंचवटा व्हर्नियरने मोजा. नेहमीचे काही आकडे: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ५ × ११२ आणि ५७.१ मिमी, पोलो जीटी ५ × १०० आणि ५७.१; मस्टँग ५ × ११४.३ आणि ७०.५, पोर्शे ७१८ला ५ × १३० आणि ७१.६. बीएमडब्ल्यूत विशेष जपा. एफ-३० पिढीची थ्री सिरीज ५ × १२० आणि ७२.६ची, तर त्यानंतरची जी-२० ही ५ × ११२ आणि ६६.५ची. ‘बीएमडब्ल्यूचे आहेत’ एवढ्यावर अलॉय घेतले की फसलात.

बाहेरच्या चाकाचं भोक सहसा मोठं असतं, ७३.१ मिमी वगैरे. ते चालतं, मधली फट हब रिंगने भरायची. हबपेक्षा भोक लहान असेल तर मात्र ते चाक विसरा. भोक लेथवर वाढवून देणारे भेटतील. मला तो मार्ग पटत नाही, कारण जरा केंद्र चुकलं तरी चाक आयुष्यभर थरथरतं.

बोल्टची बैठक हा आकडा नसून आकार आहे, म्हणून तो सगळ्यात जास्त राहून जातो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बोल्टची बैठक गोलाकार असते आणि आटे एम १४ × १.५ (बोल्टची जाडी १४ मिमी, दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी). पोर्शे, मर्सिडीजचीही बैठक गोल, पण गोलाई वेगळी. बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूसारखी ६० अंशांची बैठक लागते. गोल बोल्ट शंकूच्या खोबणीत आवळला तर तो कडेच्या बारीक रेषेवर टेकतो. पाना ‘घट्ट’ सांगतो, आणि शंभर किलोमीटरवर तोच बोल्ट हाताने फिरतो.

तपासा: वहीत आता सहा नोंदी हव्यात. रुंदी, व्यास, ऑफसेट, पीसीडी, सेंटर बोर, बोल्टचे आटे व बैठक. एकही रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: ब्रेकला जागा

स्पोर्ट्‌स कारचे कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) मोठे. अठरा इंची चाक सतरा इंची चाकामागच्या ब्रेकवर बसेलच, हे खरं नाही. अडथळा नुसत्या व्यासाचा नसतो, आऱ्यांच्या आतल्या वळणाचाही असतो. दोन चाकांचे पीसीडी, रुंदी, ऑफसेट सगळं सारखं असूनही एकाचे आरे कॅलिपरला घासतात आणि दुसऱ्याचे सुटतात.

उपाय पुठ्ठ्याचा. चाक उतरवलेल्या हबवर पुठ्ठा उभा धरा, हबच्या सपाट तोंडापासून कॅलिपर किती बाहेर येतो आणि केंद्रापासून किती वर जातो ती बाह्यरेषा पेन्सिलीने काढा, कापा. त्यावर हबच्या तोंडाची रेष आणि केंद्र मार्क करा. पुढचा एक, मागचा एक. हा पुठ्ठा दुकानात नेऊन चाकाच्या पाठीत धरता येतो. ऑनलाइन घेत असाल तर त्याचा मापांसह फोटो विक्रेत्याला पाठवा आणि ‘बसेल’ हे लेखी मागा. आरे आणि कॅलिपर यांच्यात किमान ३ मिमी मोकळे हवेत. रिमच्या आतल्या गोलाईला त्याहून जास्त, कारण बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं तिथेच लागतात.

टप्पा ३: रुंदी आणि ऑफसेट

इथे घाई करू नका. चाकं घासतात ती बहुतेक इथल्या चुकीमुळे.

रिमच्या रुंदीची मधली रेष धरा. हबला टेकणारा चाकाचा सपाट भाग त्या रेषेपासून बाहेरच्या बाजूला जितके मिमी, तितका ऑफसेट. आकडा कमी झाला की चाक फेंडरकडे येतं, वाढला की आत सस्पेन्शनकडे जातं. पण रुंदी बदलली की दोन्ही कडा हलतात, आणि ‘ईटी दहानेच कमी आहे’ म्हणणारे हे विसरतात.

हिशोब सोपा आहे. रुंदी इंचात, ती २५.४ने गुणून निम्मी करा. त्यातून ईटी वजा केला की बाहेरची कड, मिळवला की आतली कड. दोन्ही हबच्या तोंडापासून.

जुनं चाक ७.५ जे, ईटी ४५: निम्मी रुंदी ९५.२५. बाहेरची कड ५०.२५, आतली १४०.२५.
नवं चाक ८.५ जे, ईटी ३५: निम्मी रुंदी १०७.९५. बाहेरची कड ७२.९५, आतली १४२.९५.

म्हणजे चाक आत पावणेतीन मिमी सरकलं, पण बाहेर २२.७ मिमी आलं. जवळजवळ इंचभर! दुकानात ‘जरासं बाहेर येईल’ म्हणतात ते हेच.

आता ओळंबा. चाक लावून गाडी जमिनीवर उभी करा, थोडी पुढेमागे हलवून सस्पेन्शन बसू द्या. फेंडरच्या कमानीच्या वरच्या टोकावरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंत अंतर मोजा. समजा ते २० मिमी आलं. वरचं नवं चाक २२.७ बाहेर येणार, म्हणजे टायर फेंडरच्या बाहेर डोकावणार. तेच ८ जे, ईटी ४५ घेतलं तर दोन्ही बाजूंना ६.३५ मिमीच सरकतं आणि फेंडरपासून साडेतेरा मिमीच्या आसपास शिल्लक राहतं. रोजच्या वापराला मी दुसरंच निवडेन, फोटोत ते थोडं कमी ‘भरलेलं’ दिसलं तरी.

आतली बाजू नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. टायर आणि शॉक अब्सॉर्बर यांच्यातल्या फटीत क्लेचा गोळा चेपून ठेवा, अलगद काढा आणि त्याची जाडी व्हर्नियरने मोजा. नवी आतली कड जितकी आत जाणार तितकं त्यातून वजा करा. उरलेलं अंतर ५ मिमीच्या खाली नको. पुढच्या चाकांना स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून आतलं प्लास्टिक आवरण आणि ब्रेकचे पाइप पाहा.

टायर रुंद निवडलात तर तेही धरायला हवं. शिवाय तोच टायर अर्ध्या इंचाने रुंद रिमवर चढवला की साधारण ५ मिमी फुगतो, दोन्ही बाजूंना मिळून.

ऑफसेट फार कमी केला की नुसतं घासण्यावर भागत नाही. स्टीअरिंग खड्ड्यात हिसका देतं, ब्रेक मारल्यावर गाडी ओढते, बेअरिंगवर भार वाढतो. कंपनीच्या ऑफसेटपासून १० मिमीपेक्षा लांब जाण्याआधी तसं का करायचंय, हे स्वतःला विचारा.

सावधान: मागे रुंद आणि पुढे अरुंद चाकं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला शोभतात. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढच्या-मागच्या टायरचा एकूण व्यास वेगळा पडला तर ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागावर) ताण येतो. कंपनीनेच तशी जोडी दिली नसेल तर त्या फंदात पडू नका.

टप्पा ४: टायर आणि आपले रस्ते

रिम मोठी केली की टायरची उंची कमी व्हायला हवी, म्हणजे एकूण व्यास तोच राहतो. सूत्र: रुंदी × टक्केवारी × २, अधिक रिमचे इंच × २५.४. २२५/४५ आर १७मध्ये २२५ ही मिमीतली रुंदी, ४५ ही टक्केवारी, १७ हे रिमचे इंच; भिंत म्हणजे टायरच्या बाजूची उंची.

२२५/४५ आर १७चा व्यास ६३४ मिमी, भिंत १०१ मिमी.
२२५/४० आर १८चा ६३७, भिंत ९०.
२३५/४० आर १८चा ६४५, भिंत ९४.
२३५/३५ आर १९चा ६४७, भिंत ८२.
२४५/३५ आर १९चा ६५४, भिंत ८६.

मूळ व्यासापासून दोन टक्क्यांच्या आत राहा; तीन ही शेवटची हद्द. यादीतला शेवटचा टायर तीन टक्के ओलांडतो. मोठ्या व्यासाने स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि कमानीच्या वर घासण्याची शक्यता वाढते.

आता भिंतीकडे पाहा. सतराऐवजी एकोणीस घेतलं की टायरची भिंत जवळजवळ दोन सेंटीमीटरने बारीक होते. पुणे हायवेवर ठीक. पण खोदून अर्धवट बुजवलेला चर, रंग उडालेला स्पीडब्रेकर, काळ्या मातीवर लाटांसारखा उठलेला तालुक्याचा रस्ता आणि गाळप हंगामात ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेला ऊस हे सगळं त्या आठ सेंटीमीटरांनी झेलायचं असतं. भिंतीला फुगा येणं, रिमची कड वाकणं हे मग ठरलेलं. सतरा इंचावर आलेल्या गाडीला सोलापुरात अठरा बस्स झाले, असं माझं स्पष्ट मत आहे. एकोणीस हवेच असतील तर एक जास्तीची रिम आत्ताच घेऊन ठेवा. दोन वर्षांनी तेच डिझाइन मिळणार नाही.

लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. ९१ म्हणजे टायरमागे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. ‘इतक्या वेगाने कुठे चालवतो’ म्हणून खालचं अक्षर घेतात. ते अक्षर उष्णता सहन करण्याचंही आहे, आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी तापलेल्या डांबरावर ते उपयोगी पडतं.

रिमला मान्य असलेल्या रुंदीतच टायर घ्या. २३५/४० आर १८ला ८ ते ९.५ इंच रिम चालते. रुंद रिमवर ताणून बसवलेला अरुंद टायर खड्ड्यात रिम उघडी पाडतो.

टप्पा ५: चाकाचा दर्जा

चाकाच्या पाठीवर किती किलो भार चालतो ते ओतलेलं असतं. गाडीच्या पाटीवरून मागच्या आणि पुढच्या ॲक्सलचा कमाल भार घ्या, जो जास्त असेल त्याच्या निम्म्याहून चाकाची क्षमता वरचढ हवी. ॲक्सल ११०० किलोचा असेल तर ५५० झाले. ५६०चं चाक घेऊ नका, सहाशेच्या वर जा.

आयएसआय खूण, जपानी जेडब्ल्यूएल व व्हीआयए, जर्मन ट्यूव्ह यांपैकी काय आहे ते पाहा. भाराचा आकडाच नसलेलं चाक कितीही स्वस्त असो, ठेवून द्या. नामांकित डिझाइनची हुबेहूब नक्कल दहापैकी नऊ वेळा मूळ चाकापेक्षा जड असते. आणि जड चाक म्हणजे सुस्त गाडी, दणके देणारं सस्पेन्शन. एका चाकाचं वजन विक्रेत्याला विचारा. बजेट मध्यम असेल तर साध्या ओतीव चाकापेक्षा फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर कड फिरवत दाबून ताणलेलं) बघा, फोर्ज्ड (दाबून घडवलेलं) त्याहून हलकं आणि मजबूत पण खिसा पाहूनच.

जुनी चाकं घेताना टायरशिवाय बॅलन्सिंग मशिनवर फिरवून दाखवायला सांगा. कड नागासारखी डोलली तर वाकलेली आहे. आतल्या बाजूला वेल्डिंग किंवा ताज्या रंगाचा पट्टा दिसला तर सौदा मोडा.

टप्पा ६: ऑर्डर देताना

विक्रेत्याला गाडीचं नाव सांगून ‘बसेल का’ विचारू नका. वहीतले आकडे पाठवा आणि चाकाच्या पाठीचा फोटो मागा. टायर न चढवलेलं चाक किती दिवसांत परत घेणार, येण्याजाण्याचं भाडं कोणाचं, हे लेखी घ्या. हब रिंग आणि योग्य बैठकीचे बोल्ट त्याच ऑर्डरमध्ये मागवा. प्लास्टिकची हब रिंग ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडू शकते, अल्युमिनिअमची घ्या. गाडीत हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर नव्या चाकात त्यांना जागा आहे का, विचारा.

कागदाची बाजूही इथेच उरका. मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं. त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला कंपनी देते त्या मापात राहिलात तर वाद कमी. फेंडरबाहेर आलेले टायर मात्र चौकात अडवले जाण्याचं आमंत्रण. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी तोंड लपवावं लागतं.

टप्पा ७: टायर चढवण्याआधी

पार्सल आलं की थेट टायरवाल्याकडे पळू नका. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा; पापुद्रा राहिला तर चाक सपाट बसत नाही. हब रिंग घालून नुसती रिम लावा. बोल्ट हाताने फिरवा आणि फेरे मोजा: जुन्या चाकावर जितके फेरे बसत होते त्यापेक्षा कमी नकोत. बोल्ट लांब असेल तर मागे हँडब्रेकच्या भागांना टोचत नाही ना, हेही पाहा. मग रिम हाताने गरगर फिरवा. कॅलिपरवर क्लेची पातळ पट्टी चिकटवून फिरवलीत तर कुठे किती जागा आहे ते ठशावरून दिसतं. पुढचं एक, मागचं एक.

हे पास झालं की दोनच टायर चढवा, एक पुढे, एक मागे. गाडी खाली घ्या, मागे तीन धट्टेकट्टे मित्र बसवा, स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून तिरकी न्या. घासल्याची चकाकी फेंडरच्या आत दिसते का, टॉर्च लावून बघा. त्यानंतर उरलेले दोन.

टप्पा ८: आवळणं आणि पहिली फेरी

बोल्ट हाताने लावा, चाक हवेत असतानाच चांदणी काढावी तसे एक सोडून एक आवळत जा, गाडी टेकवा, मग टॉर्क पान्याने शेवट करा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांच्या एम १४ बोल्टला १२० न्यूटन मीटर, बीएमडब्ल्यूच्या एम १४ला १४०. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे. हवेच्या गनने धडाधड आवळू देऊ नका. टायरवाल्याचा पोरगा नाराज होईल, होऊ द्या. बोल्टला ग्रीस-तेल लावलं तर टॉर्क चुकतो, कोरडेच ठेवा.

मग बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि थंड टायरमध्ये हवा. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा आकडा जास्त दिसतो म्हणून काढू नका.

८० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासायचा असतो. आपल्याकडे सोय चांगली आहे: तुळजापूरला जाऊन येणं साधारण तेवढंच भरतं आणि घाटातल्या वळणांवर चाक घासत असेल तर तिथेच कळतं. परतल्यावर चाकं गार होऊ द्या, मग पाना लावा.

ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टीअरिंग थरथरलं तर पुन्हा बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी हब रिंग बसली आहे का, हब घासला आहे का, ते पाहा. फक्त वळताना आवाज आला तर पुढचं आवरण. फक्त माणसं भरल्यावर आला तर मागचा फेंडर. ब्रेक मारताना बारीक टकटक येत असेल तर आतल्या चिकट वजनांपैकी एखादं कॅलिपरला लागतंय.

स्टेपनीचं लक्षात ठेवा. ती बहुधा कंपनीचीच असते आणि तिची बैठक जुन्या बोल्टची. जुने बोल्ट एका पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा, आणि नव्या चाकाच्या अरुंद खोबणीत शिरेल असा पातळ सॉकेटही त्याच पिशवीत. रात्री मोहोळच्या पुढे पंक्चर झालं तर तिथल्या पंक्चरवाल्याकडे तो असेलच असं नाही.